टंच

फॉर्म विचारतो : अठराव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात,
एकही महिना मोकळा सोडू नका.
विट्याच्या स्टँडमागच्या सायबर कॅफेत मी महिने भरत बसते,
डब्याच्या तळाशी हात घालून
आई उरलेले शेंगदाणे चाचपायची तशी.

त्रिचूर, अकरा महिने. अप्पांचं गलाईचं दुकान.
माडीवर आम्ही, खाली भट्टी,
आणि तेजाबाचा वास, जो माझ्या बी.कॉम.च्या पुस्तकांना अजून येतो.
मग विटा.
मग लेंगरे, दोन वर्षं चार महिने.
तिथे राहण्याचं कारण : विवाह.
मग पुन्हा विटा. कारण :
कॅफेतलं पोरगं म्हणतं, ताई, रिकामं ठेवलं तर पान पुढं सरकत नाही.
मी एक टिंब टाकते.
पान सरकतं.

सांगलीला पासपोर्टच्या खिडकीवर बोटांचे ठसे दिले.
अकराव्या दिवशी हवालदार लोखंडे मोटारसायकलवर आले.
"चारित्र्य पडताळणी आहे," त्यांनी जिन्यातूनच सांगितलं,
आणि तिन्ही मजल्यांची दारं किलकिली झाली.
दोन शेजारी साक्षीला लागतात.
साळुंखे सर आले, भूगोलाचे, निवृत्त.
शिकलगारांच्या चाची आल्या, हाताला कणीक तशीच.
"किती वर्षं ओळखता?"
"लई."
"वर्षं सांगा."
"ट्रॅक्स हिला दारात सोडून गेली त्या रातीपासनं.
फाटक मीच उघडलं."
हवालदारांनी लिहिलं : सहा.
"वर्तणूक?"
सरांनी चष्मा पुसला, नकाशात मला शोधायचं असल्यासारखा,
आणि म्हणाले, चांगली.
जाताना हवालदारांनी विचारलं, तिकडं बर्फ असतो ना?
चहा मात्र घेतला नाही.

सहीसाठी ठाण्यात जावं लागलं.
बाक तोच. हिरव्याचा निळा केलाय,
पण डावा पाय अजून आखूड आहे.
ह्याच बाकावर, मनगट ओढणीखाली धरून,
मी सगळं सांगितलं होतं, तारीखवार.
ऐकणाऱ्याने पेनाचं टोपण काढलं होतं,
आणि ऐकून झाल्यावर परत लावलं.
"नवरा-बायकोत चालायचंच. पाणी प्या, घरी जा."
पाणी मी प्याले होते.

आज लोखंड्यांनी कॉम्प्युटरवर माझी तिन्ही नावं टाकली :
हर्षदा निकम, मग मधलं,
मग आत्ताचं, ज्याची अजून मलाच सवय नाही.
"काहीच सापडत नाही," ते खुशीनं म्हणाले. "कोरी पाटी."
मधल्या नावानंही नाही?
"नाही ना. चांगलंच आहे की, ताई."

चांगलंच होतं.
कोरा कागद म्हणून मी जाणार.
आणि लेंगऱ्याच्या त्या माणसाला कधी कुठे जावंसं वाटलं,
तर तोही जाईल
असल्याच कोऱ्या कागदावर.

रात्री सास्काटूनहून फोन आला, तिथे सकाळ.
मी कागद वाचून दाखवला : प्रतिकूल नोंद आढळून आली नाही.
पलीकडे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडल्याचा आवाज
जरा थांबला.
"तारखा माझ्या लक्षात आहेत," तो म्हणाला,
आणि पुन्हा खरवडायला लागला.

अप्पांनी कागद ट्यूबलाइटखाली तिरका धरला,
चाळीस वर्षं लगड धरली तसा.
"टंच किती निघाला?"
शंभर, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
"शंभर कुणी सांगितला," ते म्हणाले,
"की समजावं, बघणाऱ्यानं नीट बघितलंच नाही."
मग कागद प्लास्टिकच्या पिशवीत सरकवून
त्यांनी विचारलं,
झेरॉक्स काढलीस का.