आठ तासांची ढाल

मुनाफ परकार संध्याकाळी सव्वासहाला येतो,
गणवेशाची वरची दोन बटणं उघडी,
शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या बकाल्यात.
सहा अंडी, एक खबूस: खात्यावर.
आणि वीस दिरहमचं कार्ड: रोख.

कार्ड उधार द्यायचं नाही, ही अरबाबची ताकीद.
पोटाचे पैसे माणूस कधीतरी देतोच, म्हणतो तो,
हिऱ्यांचे देत नाही.

मुनाफ काउंटरवरच नाण्याने खरवडतो.
करड्या पट्टीचा भुगा, एक फुंकर, सोळा आकडे,
आणि फोनमध्ये झरझर हिरे सांडतात.

तिथे त्याचं एक गाव आहे.
तट, विहीर, सोन्याची दोन कोठारं.
चार वर्षं लागली उभारायला.
जागा फुकटच मिळाली होती,
पैसे पडतात ते राखायला.
ढाल मिळते आठ तासांची,
ह्याची ड्यूटी बारा तासांची.
मधल्या चार तासांत
कुठल्या कुठल्या देशांतली जागी पोरं
येऊन कोठारं धुऊन नेतात.
बारा तासांची ढाल का नाही काढत ते? मी विचारलं.
"काढणारा काय येडा हाय?"

रात्रभर तो बुहैऱ्याच्या काठी
बत्तीस मजल्यांच्या झोपेखाली बसतो
चौदाशे दिरहमवर.
एका कार्डामागे मला पाऊण दिरहम सुटतो.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांनी रजा लागली.
"गावाला चाललोय," म्हणाला, "तेवढं गाव सांभाळ.
आमच्याकडे खाडीच्या अंगाला रेंज नाय."
जुन्या कार्डाच्या पाठीवर पासवर्ड:
मुलीचं नाव, पुढे जन्मसाल.
मी तिला कधी पाहिलेलं नाही.
रोज रात्री अंगठ्याने तिचं नाव लिहितो.

तिसऱ्या रात्री, पावणेतीनला, फोन थरथरला.
ढाल संपायला दहा मिनिटं.
लुटू देत, म्हटलं, आणि कुशीवर वळलो.

पण विहिरीशेजारी एक झाड आहे.
नुसतं शोभेचं, दीडशे हिऱ्यांचं,
ना त्याचं सोनं होत, ना त्यामागे लपता येत.
मुनाफ त्याला आंबा म्हणतो.

खाली उतरलो. शटर अर्धंच वर केलं.
खिळ्याचं एक कार्ड ओढलं, खिशात नाणं चाचपलं.
भुगा फुंकला.
मग खातेवही उघडून
माझ्याच नावापुढे लिहिलं:
अंडी, एक ट्रे.