हात बसेपर्यंत

सिर्का निवृत्त झाली. जाताना तिनं
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली यादी
मला नुसती बोटानं दाखवली:
अकरा नावं, अकरा तारखा,
आणि तळाशी पेन्सिलीत, क्रीम कोमट नको.
कुणी मला विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही.

कोत्का बंदरातल्या वजनकाट्यावर
एकोणीस वर्षं मी लाकडाचे ट्रक मोजतोय.
चाळीस टनांत वीस किलोंची गफलत मला कळते,
पण दोनशे ग्रॅम लोणी
मऊ म्हणजे किती मऊ, हे काटा सांगत नाही.

पहिला केक तेउवोचा.
तो क्रेन चालवतो, म्हणून मी क्रेन काढायला गेलो,
दुधाच्या पिशवीचं कोपरं कापून, पिवळ्या क्रीमनं.
"जिराफ!" सगळे एका सुरात.
तेउवोनं लोंबणारा हूक चमच्यानं उचलून खाल्ला.
तेव्हापासून वायरलेसवर त्याला जिराफच म्हणतात
आणि तोही ओ देतो.

मार्चमध्ये विल्हेल्मीना, हिशेबाची.
वीस सेंटिमीटरच्या केकवर एवढं नाव!
पहिलं अक्षर मी ऐटीत काढलं, फाटकाएवढं.
मध्यावर येईतो अक्षरं अंग चोरू लागली
आणि विल्हेल्मीपाशी कडा आली.
विल्हेल्मी हे पुरुषाचं नाव.
नेमकं तिच्या सासऱ्याचं.
उरलेला 'ना' मी बाजूच्या उभ्या भिंतीवर उतरवला,
तो सकाळच्या बसमध्ये घसरत घसरत बशीत गेला.
तिनं चष्मा लावून आधी वरचं वाचलं, मग बशीतलं.
"एक रक्कम चुकीच्या रकान्यात पडलीय," म्हणाली,
"पण बेरीज जुळते."
चार वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

रात्री, बाहेर उणे अठरा,
मी स्टीलच्या ताटाच्या पाठीवर अक्षरं गिरवतो.
तीच क्रीम खरवडून पुन्हा पिशवीत, पुन्हा ताटावर.
पन्नाशीत बालवाडी.
गुलाब अजून जमत नाही, कोबी होतो.
फसल्या जागी लाल रानबेरी ठेवली
की भागतं, हे मात्र लवकर कळलं.

फाटकावरच्या ओन्नीचं नाव यादीत नव्हतं.
त्याची तारीख मला कळली
त्याच्या नव्या पासवर शिक्का मारताना.
गाजावाजा नको असणार, म्हणून
नाव नाही, फूल नाही, नुसता पांढरा सपाट केक.
एका बाजूला सुरी अडकून ढलपा निघाला होता,
ती बाजू मी भिंतीकडे केली.
माझी रात्रपाळी. पहाटे साडेचारला तो आला,
हातमोजे काढले, बुटांचं बर्फ झटकलं,
आणि काही न बोलता बशी फिरवू लागला,
हळूहळू, ट्रकभोवती फिरून
पट्टे तपासावेत तशी.
ढलपा सापडला.
"इथून काप," म्हणाला. "हा मला."
उभ्यानंच खाल्ला, वर काळी कॉफी.
दुसरा तुकडा कागदात गुंडाळून
जाकिटाच्या आतल्या खिशात घातला.
"चेपेल," मी म्हटलं.
"चेपू दे."

बारावं नाव मी यादीत पेन्सिलीनं लिहिलं.

आता पुढच्या गुरुवारी पाइवी.
तिच्या नावात एका अक्षराच्या डोक्यावर
दोन टिंबं असतात, शेजारीशेजारी, एका मापाची.
एक जमतं.
दुसरं दर वेळी जरा मोठं होतं.
ताट अजून धुतलेलं नाही.