येतो म्हणजे

पहिल्याच संध्याकाळी सन्मतीला म्हटलं, "येतो,"
आणि घरी गेलो.
साडेआठला वॉचमनचा फोन:
"मिस्त्री, तुमचं ते नवं पोरगं गेटवर उभं हाय.
तुम्ही येतो म्हणलायसा म्हणं."

उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर.
पाच शतांशाचा फरक नुसत्या बोटाला कळायचा,
पण माझ्या बोलण्याचं ड्रॉइंग
मी कुणालाच दिलं नव्हतं.
"जरा घास." जरा म्हणजे किती?
"डोकं खाऊ नको" म्हटलं एकदा,
तर दिवसभर गप्प राहिला,
टूल तुटलं तेव्हासुद्धा.

मग बुधवारी जमादार बाई यायला लागल्या,
कसबा बावड्याहून, स्कूटीवर.
वाटलं, त्याला शिकवतील.
स्टूल ओढून बसल्या त्या माझ्यापुढं.
"जॉबला टॉलरन्स लिहिता ना, मिस्त्री?
मग बोलण्याला का नाही?"

फळा आणला. खडू आणला.
आधी काय, मग काय, अडलं तर कुणाला विचारायचं.
भोंग्याआधी पाच मिनिटं
बेंचवर दोन टिचक्या, म्हणजे तो कानावर मफ चढवील.
खांद्याला हात नाही.
पोरं म्हणाली, मिस्त्रींनी जावई आणलाय.
म्हटलं, चष्मा काढून ठेव तुझा, मग बोल.

लय हुशार आहे असं काही नाही.
चुकतो, माझ्याएवढाच.
पाळी बदलली की दोन दिवस बिघडतो.
पण गेज लागलं नाही तर
लागलं म्हणत नाही. कुणालाही.

एक तेवढं जड गेलं.
लहानपणी "जातो" म्हटल्यावर आईनं
उंबऱ्यावरनं परत आणून पाटावर बसवलं होतं मला.
तरी म्हणायला शिकलो:
जातो. उद्या आठला येतो.
तो मान हलवायचा, दिवा बंद करायचा.

एकतीस मेला शाल, नारळ, फोटो.
शेवटी त्याच्या बेंचपाशी उभा राहिलो
आणि "जातो" निघेना तोंडातनं.
"येतो," म्हणालो.
त्यानं घड्याळ बघितलं. "कधी?"
सगळे हसले.
मी फळ्यावर लिहिलं:
दुसरा शनिवार, साडेचार.

काल केएमटी दाभोळकर कॉर्नरला अडकली.
चार सदतीस. सन्मती गेटवर.
"सात मिनिटं," म्हणाला.
टॉलरन्स लिहिला नव्हता, म्हटलं, चूक माझी.
तो आत गेला,
खडू घेतला,
साडेचारपुढं बारीक अक्षरात
प्लस मायनस
दहा.