तेवीस नोव्हेंबरचा तास

डुलुथचं सरोवर अजून गोठलेलं.
टोव्हाची तासांची वही माझ्या टेबलावर,
परवान्याआधी माझी शेवटची सही.

नऊ नोव्हेंबर: केस्किटालो आले नाहीत. शून्य.
सोळा: शून्य.
तेवीसला पेन्सिलीनं, बारीक:
आले. गाडीतून उतरले नाहीत.
मी शेजारी जाऊन बसले, हीटर घरघरत होता.
पन्नास मिनिटांत बोलले एकदाच,
धक्क्यावरून बोटीचा भोंगा आला तेव्हा,
‘पोराची.’
आणि खाली: हा तास धरायचा का?

नियमाला खोली लागते, बंद दार लागतं.
गाडीला चार असतात, म्हटलं,
आणि एक लिहिला.

वरची दोन शून्यं खोडू का, तिनं विचारलं.
राहू दे.
रिकाम्या खुर्चीसमोर कसं बसायचं
ते कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत.