खारे वारे : दोन गुण

पाचवीत पाठ केलं होतं, मंठा रोडच्या शाळेत :
दिवसा समुद्राकडून येतात ते खारे,
रात्री जमिनीकडून जातात ते मतलई.
फरक स्पष्ट करा. दोन गुण.
चिखलीकर बाईंनीही समुद्र पाहिला नव्हता.
फळ्यावर त्यांनी निळा खडू आडवा ओढला
आणि म्हणाल्या, हे पाणी समजा.

आता आठवड्यातून दोनदा
जालन्याच्या एका कॉलेजची गच्ची चढतो.
यंत्राचं झाकण उघडतो,
कालचा कागद चिमट्यानं काढतो, आजचा ठेवतो.
जाताना पांढरा, येताना
तव्याच्या पाठीसारखा.
दोन वजनांची वजाबाकी, वही, सही.

पौषात वारा पडतो.
पडतो म्हणजे कुठं जातो, मला अजून माहीत नाही.
खाली गारठा, वर उबेचं झाकण,
उलटं घातलेलं पांघरूण.
भट्ट्यांचा धूर थोडा वर जातो,
डोकं आपटून परत येतो
आणि मोंढ्यातल्या पत्र्यांवर मांडी घालून बसतो.
आठ वाजता सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी बघता येतं.
कचरूमामा खोकत कुलूप काढतात,
म्हणतात, धुकं हाय सायब.
मी कागद दाखवतो.
मग काळं धुकं हाय, म्हणतात.

वैशाखात वेगळं.
रात्री दहाला, लाईट गेलेली असताना,
गच्चीवर झोपलेल्यांच्या पायांना आधी कळतं
पश्चिमेकडून काहीतरी पोचलंय.
दुपारी कुठल्याशा खाडीवर उठलं असेल.
घाट चढताना मीठ सांडलं,
नगरला ओल गेली, पैठणला धाप लागली,
आमच्यापर्यंत येतो तो नुसता धक्का.
तेवढ्यानंही धूर उठतो,
पहाटे वाऱ्याबरोबर कलून निघून जातो.
दुसऱ्या दिवशीचा कागद जवळजवळ कोरा.
दोन वर्षं मी तो आकडा जरा ठळक लिहायचो,
जणू मीच काही केलंय.

मग परतूरहून अनुसयाचा फोन आला.
कुरडया रात्री माळवदावरच राहिल्या होत्या,
सकाळी वरून बारीक काळी पूड.
तुमच्या गावची भट्टी आमच्या ताटात कामून, दादा?
तुमचीच कशावरून, म्हणणार होतो.
तारीख विचारली. वही उघडली.
तोच कोरा कागद.

परवा प्रात्यक्षिकाला आलेल्या एका पोरीनं विचारलं,
सर, हा वारा खारा असतो का?
म्हटलं, बघ.
तिनं कठड्यावरून बोट फिरवलं,
जिभेच्या टोकाला लावलं, थुंकली.
नाही सर. लोखंड.

मी नोंद केली. वेळ, तापमान.
वाऱ्याची दिशा : प.
प म्हणजे पश्चिम.
परतूर लिहायला
रकान्यात जागा नव्हती.