भिशीचा पहिला नंबर

कंपनीचा पोरगा गल्लीच्या तोंडाशीच थांबला.
मोबाइलवर नकाशा मोठा केला, लहान केला,
म्हणाला, इथे परवडत नाही.
कुणाला, ते बोलला नाही.

इंदूर, पाटणीपुऱ्याच्या मागे आमची एक्केचाळीस घरं.
मिल बंद पडली तशा आधी तारा गेल्या, मग माणसं.
उरलो ते आम्ही: शेव तळणारे, पापड लाटणारे,
पहाटे गाडीवर ओला-सुका वेगळा करणारे.
शहर पहिलं येतं.
आम्ही कितवे, कुणी मोजलं नाही.

नगरसेवक म्हणाला, मी देतो जोडून,
खांबावर फोटो तेवढा माझा.
रात्री ओट्यावर मतं घेतली.
दोन मतांनी फोटो पडला.

मग भिशी.
वही माझ्याकडे, कारण अक्षर बरं:
शालन खरात, आठवी.
पहिला नंबर कुणाच्या लग्नाला नाही, तारेला.
घरटी साठ रुपये.
हमीदाबी सत्तर देते, सुटे नाहीत म्हणते;
दर महिन्याला तिच्याकडे सुटे नसतात.
रामदुलारे सुतारानं पैसे नाही, शिडी दिली.
जमेच्या बाजूला शिडी कशी लिहायची?
लिहिली. शिडी, एक.

धापूबाईकडे फोनच नाही.
म्हटलं, माय, तू कशाला देतेस?
तिनं अंगठा पुढे केला:
रेशनवाला म्हणतो, सर्वर नाही, उद्या ये.
तीन उद्या झाले.
आता मशीन घेऊन इथे ओट्यावर ये म्हणावं.
अंगठा माझा,
लहर त्याची, असं किती दिवस?

पाचव्या महिन्यात बारा नंबरचे तीन हप्ते थकले.
नियम आमचाच: थकला, तोडला.
पेटीपाशी गेले. हिरवा दिवा लुकलुकत होता.
एका घरापुरतं बटण त्याला नाही.
पासवर्ड बदलायचा,
तर चाळीस घरांत कानात सांगत फिरायचं
आणि एका दारावरून मुकाट पुढे जायचं.

निघाले तरी.
बारा नंबरच्या पायरीवर थोरली बसलेली,
नर्सिंगचा फॉर्म, शेवटची तारीख आजच.
म्हणाली, काकू, नुसतं गोल फिरतंय,
जरा थांबता?

थांबले.
घरी येऊन वही उघडली.
बारा नंबर: येणे, एकशे ऐंशी.
समोर जमेला, शिडीच्या खाली,
काहीतरी लिहायचं होतं.
ओळ मोकळी सोडली.