दीड क्विंटल वांगी

डिगू फोनवर म्हणाला, हळदीच्या जेवणाचं भरीत तूच करायचं.
आचारी सांगितलाय जळगावचा, पण तो गॅसवर भाजतो
आणि आप्पा म्हणतात, गॅसवरच्या वांग्याला धुराची ओळख नाही,
ते पाहुण्यांना कसं वाढू?

मी भुसावळच्या शेडमधला फिटर.
भरीत शिकलो ते आठवीत, डिगूबरोबर,
डोंगरकठोऱ्याला, आप्पांच्याच बांधावर,
त्यांचीच वांगी चोरून.
हे त्यांना तेव्हाही माहीत होतं,
हे आम्हाला काल कळलं.

वांगी बामणोदची. टेम्पोने आली.
हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा,
एकेक तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं.
कीड पाहायची, देठ राखायचा, तेलाचा हात फिरवायचा,
काडीने दोन भोकं पाडायची.
एखादं विसरलं तर वांगं फुटतं.
एक विसरलोच.
बँडवाल्यांना वाटलं फटाके सुरू झाले,
त्यांनी लगेच सनई उचलली.

पऱ्हाटी आणायला ट्रॅक्टर पाठवणार होतो.
पण दुपारीच मांडवामागे भारे येऊन पडलेले.
कुणी टाकले, कुणी सांगेना.
असतील कुणाचे, पेटव, डिगू म्हणाला
आणि दुसरीकडे पाहू लागला.
मी भारा सोडायला वाकलो.
ठिबकच्या जुन्या नळीने बांधलेला,
दोन वेढे, गाठ आतल्या अंगाला.
असा भारा या गावात एकच माणूस बांधतो.
लोटूकाका. आप्पांचे धाकटे.
हातभर बांधावरून नऊ वर्षं
या घरची पोळी त्या घरी गेली नाही.

मी गप्प राहिलो.
फिटर आधी आवाज कुठून येतो ते ऐकतो,
लगेच पाना उचलत नाही.

पऱ्हाटीची आग कोळशासारखी वाट पाहत नाही.
भडकते, बसते,
तेवढ्यात वांग्याची कूस बदलली पाहिजे.
पाठ काळी, पोट मऊ, देठातून पाणी चुरचुरतंय,
की उचल, परातीत टाक, झाक.
पुण्याचा एक भाचा मोबाइल धरून विचारतो, मामा, हे बार्बेक्यूच ना?
हो म्हटलं. बाजूला हो, पँट जळेल.

हेमांगी आली. हळद ओली, मागून आत्याची हाक,
अगं आगीपाशी नको!
ती परातीपाशी बसलीच.
सोलताना बोट भाजलं की कानाच्या पाळीला लावायचं,
हे तिला मीच कधीतरी दाखवलेलं.
कान पिवळे झाले, मग काळे.
नवऱ्याकडच्यांनी पाहिलं असतं तर?
पाहू दे, म्हणाली, उद्यापासून रोजच पाहणारेत.

रात्री दहाला आगीच्या पलीकडे कुणी उभं.
टोपी, शर्टाची बाही वर, हातात काठी.
न विचारता वांगी उलटू लागलं.
मी वर पाहिलं नाही.
काठीच्या वळणावरून कळत होतं,
या हाताला पऱ्हाटीचा स्वभाव पाठ आहे.

मग बडगी. सागाची, लांब, दोन माणसांची.
हिरव्या मिरच्या, लसूण आधी,
वर सोललेली वांगी, वाफाळती.
एका टोकाला आप्पा बसले होते मुसळ धरून.
दुसऱ्या टोकाला बसायला कुणी येईना,
सगळ्यांना अचानक कामं निघाली.
शेवटी लोटूकाका बसले.

एक मुसळ वर, एक खाली.
एक खाली, एक वर.
चुकलं तर बोटं जायची, म्हणून
एकमेकांच्या हाताकडे पाहणं भाग होतं.
बायका गाणी म्हणायच्या थांबल्या.
बराच वेळ नुसतं धप्, धप्.
मग तेलातले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात,
आणि आप्पा बडगीकडेच पाहत म्हणाले,
मीठ पाह्य रे.
लोटूकाकांनी बोटभर चाटलं.
कमी आहे.

एवढंच.
बांधाचं काय झालं ते मला विचारू नका.
तीनशे पानं उठली, पुऱ्या कमी पडल्या,
शेवटच्या पंगतीला कळण्याच्या भाकरी गेल्या
लोटूकाकांच्या घरून, ते मी पाहिलं.

सकाळी अक्षता पडल्या तेव्हा
मी उरलेल्या भाऱ्यावर झोपलो होतो.
फोटोत मी नाही.
सोमवारी शेडमध्ये साहेबांनी विचारलं,
कुठलं इंजिन जाळून आलास?